नळीत राहिलेलं काडतूस

"या घरात स्कुटी कुणाला चालवता येते?" भगवानरावांनी गोठ्याच्या भिंतीला विचारलं.

भिंत काही बोलली नाही. म्हैस रवंथ करत राहिली. अंगणात भांडी घासणाऱ्या शिवकन्येचे हात मात्र तिथल्या तिथे थबकले... या घरात स्कुटी चालवता येणारं माणूस एकच होतं आणि ते भगवानरावांना पुरतं ठाऊक होतं. गावची आशाताई ती, रोज स्कुटीवरून दोन वाड्या आणि एक तांडा पालथा घालायची. पण मोठ्या सुनेशी बोलायचं नाही असं सासऱ्यानं चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलेलं मोडायचं म्हणजे भगवानरावांना ताप यायचा!

"मला येते, मामा," शिवकन्या हळूच म्हणाली.

"तर मग सांगा तिला," ते म्हशीकडं बघत म्हणाले, "बिलोलीच्या ठाण्यात बंदूक जमा करायची हाय. आज शेवटचा दिस. दयानंद धर्माबादला सोयाबीन घेऊन गेलाय, आणि या मोतीबिंदूच्या डोळ्यानं मला एकट्याला जमत न्हाई."

म्हशीला सांगितलेलं शिवकन्येनं ऐकलं, आणि तिचं अंतःकरण भरून आलं. चार वर्षं! चार वर्षांत हा माणूस तिच्याशी एवढं लांब बोलला नव्हता. तिनं राखेचे हात धुतले, पदर खोचला आणि नवऱ्याच्या, दयानंदाच्या, जुन्या फडक्यानं स्कुटीची मागची सीट लख्ख पुसून काढली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई माहेरी निघालीय की काय!

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, हा नेम गावाला नवा नव्हता. भगवानरावांची एकनळी बंदूक त्यांच्या वडिलांच्या वेळची. पीकसंरक्षणाचा परवाना. रानडुकरं हरभऱ्यात शिरली की बांधावरून हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. पण घरात तिचा मान मोठा होता. मधल्या खोलीत खुंटीवर ती टांगलेली असायची, आणि तिच्याबद्दल घरात दोन कायदे होते. पहिला, बाईमाणसानं तिला हात लावायचा नाही, तिच्याबद्दल बोलायचंही नाही. दुसरा कायदा खंडेनवमीचा. पूजेला बंदूक रिकामी ठेवायची नाही! नळीत एक काडतूस घालूनच तिला पाटावर निजवायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. देवापुढं रिकामं हत्यार मांडलं तर वर्षभर घराची राखण होत नाही, असं भगवानरावांचे वडील सांगून गेले होते. पूजा उठली की काडतूस काढून ठेवायचं. इतकी वर्षं भगवानरावांनी ते न चुकता काढलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या नवमीपर्यंत.

ती संध्याकाळ शिवकन्येला लख्ख आठवत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती पुरणाचं पातेलं घेऊन उभी होती. भगवानरावांनी पाटावरची बंदूक उचलली, काडतूस काढायला अंगठाही टेकवला, आणि तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या व्यंकटचा, लातूरहून. "अप्पा, निघालो बघा आम्ही. पुनम गाडीत नाचून राहिली, आबाकडं जायचं म्हणून!" झालं! आजोबाचा आनंद गगनात मावेना. त्यांनी बंदूक तशीच, माळेसकट, खुंटीवर अडकवली आणि "अरे दयानंद, खाटेवर नवी चादर टाक की!" म्हणत अंगणात धावले.

मामा, ते काडतूस... हे शब्द शिवकन्येच्या ओठापर्यंत आले होते. आणि परत गेले. बंदुकीबद्दल बाईनं बोलायचं नसतं ना! मामा एवढे चोख, आठवलं की काढतील, असं मनाला सांगून तिनं पुरण वाटायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. तीन वर्षांची पुनम घरभर दुडदुडत होती. तिला झेंडूची माळ हवी होती. ती खाटेवर चढली, माळेला लोंबकळली... आणि बंदूक खाली आली. दस्ता फरशीवर आपटला आणि घर हादरलं! छर्रे दाराच्या चौकटीत घुसले. त्यातला एक पुनमच्या टाचेला चाटून गेला.

रक्त, धूर, पुनमच्या आईची, दीपालीची किंकाळी... बिलोलीच्या डॉक्टरनं तीन टाके घातले आणि सांगितलं, नशीब थोर, किरकोळ आहे. लेकरू दुसऱ्या दिवशी लंगडत खेळायलाही लागलं. पण घर मात्र त्या दिवशी जे लंगडलं ते लंगडलंच.

"काडतूस आत राहिलंच कसं?" दीपालीनं विचारलं होतं. सगळ्यांच्या नजरा भगवानरावांकडं वळल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. एक हात छातीवर होता. तीन महिन्यांपूर्वीच नांदेडला त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता, आणि 'यांना धक्का बसेल असं काही करू नका' हे डॉक्टरचे शब्द शिवकन्येच्या कानात अजून ताजे होते.

"मी काढलं होतं..." म्हातारा पुटपुटत होता. "काढलं होतं ना रे मी? दयानंद, माझ्या हातून पोरगी... माझ्या हातून..."

त्यांचे ओठ निळसर पडू लागले होते. शिवकन्येनं ते बघितलं, आणि पुढच्या क्षणी तिच्या तोंडून शब्द गेले, ते तिनं ठरवून उच्चारलेच नव्हते जणू!

"तुम्ही काढलं होतं, मामा. मीच परत घातलं. दसरा उजाडायच्या आत रिकामी केली म्हणून मला अशुभ वाटलं."

भगवानरावांच्या छातीवरचा हात खाली आला, श्वास मार्गी लागला, आणि मग त्याच श्वासानं ते गरजले, "बाईची जात असून हत्याराला हात लावलास? आजपासून तुझ्या हातचं पाणी मला वर्ज्य!"

दीपाली तर दुसऱ्याच दिवशी लेकीला उचलून लातूरला गेली. जाताना म्हणाली, "अक्का, तुमच्यावर मी आईइतका विश्वास टाकला होता. ज्या घरात असली माणसं हायत त्या घरात माझी पोरगी पुन्हा पाय ठेवणार न्हाई." आणि तिनं शब्द पाळला.

पुनम! शिवकन्येचा प्राण त्या पोरीत अडकला होता. बाळंतपणात दीपालीला ताप आला तेव्हा पहिला सव्वा महिना पुनमला शिवकन्येनंच न्हाऊमाखू घातलं होतं. ती शिवकन्येला 'मोठी आई' म्हणायची. आता व्यंकट एकटाच सणाला यायचा, मोबाईलवरचे फोटो दाखवायचा, आणि शिवकन्या फोटोतल्या पोरीची उंची बोटांनी मोजायची. स्वतःला मूल नसल्याचं दुःख तिनं कधीच पचवलं होतं, पण हे मात्र काही केल्या पचेना.

तरी एक सांगायला हवं, की ती कुढत बसली नाही. म्हातारा धडधाकट होता, दोन वेळा भाकरी रिचवून बांधावर फिरत होता, यातच तिचं समाधान होतं. आणि गंमत अशी, की पाणी तेवढं वर्ज्य होतं. भाकरी, आमटी, ठेचा, सगळं तिच्याच हातचं चालायचं! पाणी मात्र भगवानराव माठातून स्वतः घ्यायचे, तेही तिच्या समोर, मुद्दाम, भांडं वाजवून. शिवकन्येला कधीकधी हसूच यायचं.

त्या प्रसंगानंतर बंदूक खुंटीवरून लाकडी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली भगवानरावांच्या कमरेच्या करगोट्याला गेली. "आता बघतो कोण हात लावतंय," असं ते तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे.

आणि आज ते तिच्या स्कुटीवर मागे बसले होते!

जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. खड्डा आला की ती कलायची आणि तिचं तोंड शिवकन्येच्या पाठीला टोचायचं.

"मामा, जरा बाजूला धरता का? टोचायलंय."

"रस्त्याकडं बघून चालवा म्हणावं," मागून उत्तर आलं. पण बंदूक थोडी सरकली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा टोचली.

टोचू दे! अकरा किलोमीटर तिला मोठ्या सुखाचे गेले. वाटेत हरभरा फुलावर आला होता, बाजाराला निघालेली ओळखीची माणसं टेम्पोतून हात करत होती, आणि सासरा तिच्या मागे बसलाय हे सारं बिलोली बघत होतं. उद्या तांड्यावरच्या बाया विचारतील, शिवकन्याताई, म्हातारा बोलायला लागला का? ती म्हणेल, बोलतोय की, म्हशीमार्फत!

ठाण्यात सिंधु नावाची हवालदारीण हत्यारं जमा करून घेत होती. चाळिशीची, चष्मा लावलेली, आवाजात जरब. तिनं परवाना बघितला, नंबर लिहून घेतला आणि लुगडं सोडून बंदूक हातात घेतली.

"रिकामी हाय ना, बाबा?"

"म्हणजे काय!" भगवानराव ताठ झाले. "चाळीस वरस झाली मला ही वापरताना. माझ्या हातात बंदूक भरलेली राहतच न्हाई."

सिंधुबाईंनी नळीचं तोंड जमिनीकडं केलं, खटका दाबला आणि नळी वाकवली. मग त्यांनी चष्म्यावरून आधी म्हाताऱ्याकडं आणि मग शिवकन्येकडं बघितलं. दोन बोटांनी त्यांनी नळीतून लाल काडतूस बाहेर काढलं आणि टेबलावर उभं केलं.

बाहेर चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

"कशावर आलात?" सिंधुबाईंनी विचारलं.

"स्कुटीवर," शिवकन्या म्हणाली.

"ही कुठं होती?"

"मामांच्या हातात. माझ्या..." आणि तिचा आवाज विरला, कारण पाठीवर जिथं टोचलं होतं तिथं एकदम गार वाटू लागलं.

"तुमच्या पाठीला नळी लावून आणली यांनी! अहो बाबा, ही बाहेरच्या घोड्याची जुनी बंदूक, नुसत्या धक्क्यानंही बार उडतो. एक दणका बसला असता तर इथं तुम्ही बंदूक जमा करायला आला नसता, सुनेचं मढं घेऊन आला असता!"

"पण मी काढलं होतं," भगवानराव म्हणाले. "परवा डुकरं आली म्हणून बांधावर नेली होती. बार काढायची गरज पडली न्हाई. घरी आलो, काढलं... मी काढलं होतं की..."

"घरात दुसरं कुणी हात लावतं का?"

"कुणी न्हाई. किल्ली माझ्या करगोट्याला हाय. चार वरस झाली, माझ्याशिवाय तिला कुणी..."

आणि वाक्य तिथंच तुटलं.

भगवानराव काडतुसाकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा शिवकन्येच्या डोळ्यात सरळ बघितलं. 'मी काढलं होतं', हेच शब्द, याच खात्रीनं, त्यांनी त्या दसऱ्यालाही म्हटले होते! आज हात लावायला कुणी नव्हतं. मग त्या दिवशी तरी कोण होतं?

"शिवकन्ये," ते म्हणाले. तिचं नाव! "त्या साली काडतूस तू परत घातलं होतंस?"

तिनं मान खाली घातली. "ऊन वाढायलंय, मामा. पावती घेऊ आणि निघू."

"मी विचारून राहिलो!" म्हातारा ओरडला, आणि त्या ओरडण्याचा शेवट हुंदक्यात झाला. "बंदुकीची नळी कशी उघडतात ते तरी ठाऊक हाय का तुला?"

शिवकन्येनं नकाराची मान हलवली. एवढा साधा प्रश्न! चार वर्षांत हा प्रश्न घरात कुणालाच सुचला नव्हता.

भगवानराव बाकड्यावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. सत्तर वर्षांचा ताठ माणूस, आशाताईच्या सासऱ्याला सगळं ठाणं ओळखायचं, आणि तो सगळ्यांदेखत लहान पोरागत रडत होता. शिवकन्या त्यांच्या पायाशी बसली.

"का बोलली न्हाईस? चार वरस मी तुला जनावरापेक्षा वाईट वागवलं... का, बाई, का?"

"तुमचे ओठ निळे पडले होते, मामा. माझं काय, मी बोलणी खाऊन जगले असते. तुम्ही त्या दिवशी जगला नसता."

"जगलो ते असं जगलो!" ते म्हणाले. "परमेश्वरा! आणि आज परत तुझ्याच पाठीला..."

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि घसा खाकरला. "पाणी दे," ते म्हणाले. "तुझ्या हातचं दे."

तिनं पिशवीतली बाटली पुढं केली. ते एका दमात अर्धी बाटली प्यायले, आणि चार वर्षांची तहान असल्यासारखे धापा टाकत राहिले.

सिंधुबाईंनी पावती फाडली. त्यांचाही आवाज आता उतरला होता. "बाबा, ऐका. आपण काढलंय असं वाटणं आणि काढलेलं असणं, यात माणसं मरतात. बंदूक घरात आली की पहिल्यांदा नळी उघडायची. डोळ्यानं बघायचं, बोटानं चाचपायचं, आणि मग घरातल्या दुसऱ्या शहाण्या माणसाला दाखवायचं. तुमचा तर डोळा पण गेलाय. बंदूक लोखंडी कपाटात, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या जागी. आणि पूजाबिजा करायची तर रिकामीची करा. देवाला काडतूस लागत न्हाई."

भगवानराव शाळेतल्या पोरासारखे मान डोलावत होते.

संध्याकाळी दयानंद धर्माबादहून परतला तेव्हा अप्पा आणि बायको ओसरीवर शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्याला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो! सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "मला पण सांगितलं न्हाईस? चार वरस मी तुझी बाजू घेताना भीत भीत घेतली, की खरंच हिनं घातलं असंल म्हणून!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी अप्पांसमोर बोलला असता," शिवकन्या म्हणाली, आणि दयानंदाला ते नाकारता येईना. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी भगवानरावांनी वीरभद्र वेल्डरला बोलावून जाड पत्र्याचं कपाट सांगितलं, भिंतीत बोल्टनं आवळायचं. काडतुसांची पेटी निराळी, निराळ्या खोलीत. "दोन्ही किल्ल्या सूनबाईकडं राहतील," त्यांनी जाहीर केलं. "आणि कपाट बसल्याशिवाय मी बंदूक ठाण्यातून आणणार न्हाई." बाईनं हत्याराबद्दल बोलायचं नाही हा कायदा त्यांनी असा एका दमात मोडला, आणि ताप आला नाही! उलट त्याच पायी ते मलप्पाच्या घरी गेले. गावातली दुसरी बंदूक मलप्पाची, मुदत उलटली तरी अजून घरातच. त्याच्या अंगणात उभं राहून त्यांनी आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि त्याची बंदूक तोंड जमिनीकडं करून उघडायला लावली. ती रिकामी निघाली. तरी मलप्पाच्या बायकोनं घाम पुसला.

एक काम मात्र राहिलं होतं, आणि सगळ्यांत अवघड तेच होतं. रविवारी सासरा आणि सून लातूरच्या यष्टीत बसले.

व्यंकटनं दार उघडलं आणि तो बघतच राहिला. आतून दीपाली आली. शिवकन्येला बघून तिचा चेहरा आक्रसला. तिच्या मागून सात वर्षांची एक लांबसडक वेणीची पोर डोकावली, आणि शिवकन्येची बोटं आपोआप तिची उंची मोजायला उठली... फोटोत ही एवढी उंच दिसत नव्हती!

"दीपाली," भगवानराव उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "मी आत येण्याआधी ऐकून घे. तुझ्या लेकीच्या पायाला जे लागलं ते माझ्यामुळं. काडतूस मीच विसरलो होतो. या बाईनं माझा जीव वाचवायला माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, आणि मी तिला चार वरस छळलं. आता माझं तोंड बघायचं का न्हाई ते तू ठरव."

दीपाली भिंतीला टेकली. शिवकन्येला वाटलं, आता ही धावत येईल, गळ्यात पडेल... पण दीपालीच्या डोळ्यात पाण्याबरोबर अंगारही पेटला.

"म्हणजे अक्का, तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"काय?"

"काडतूस आत हाय ते. त्याबिगर तुम्ही लगेच कशा बोललात? मामांनी काढलं न्हाई हे तुम्ही बघितलं होतं! नवमीला बघितलं होतं, आणि दसऱ्याला माझं लेकरू त्या खोलीत खेळत होतं!"

हा प्रश्न! शिवकन्येनं चार वर्षं रोज स्वतःला विचारलेला, आणि दुसऱ्या कुणीच न विचारलेला हा प्रश्न! ठाण्यातसुद्धा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आताही ती म्हणू शकली असती, की नाही, मी नुसता अंदाज केला. सासरा तिच्या बाजूनं बोलायला तोंड उघडतही होता. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"हाव," ती म्हणाली. "बघितलं होतं. बोलायला पाहिजे होतं. बंदुकीबद्दल बाईनं बोलायचं न्हाई म्हणून गुमान राहिले. लोकांसमोर मी जी चूक कबूल केली ती माझी नव्हती, दीपाली. पण ही माझी हाय. मामांनी पाणी तोडलं ते मला कधी फार लागलं न्हाई, कारण मला वाटायचं, हे मला याच्यासाठी मिळायलंय. तू मला माफ केलं न्हाईस तरी मी तुला दोष देणार न्हाई. पोरीला एकदा बघितलं, बस झालं..."

अश्रू गालावरून ओघळत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

मग पुनम आईच्या मागून बाहेर आली. शाळेतल्या बाई उलटतपासणी घेतात तशी ती कंबरेवर हात ठेवून शिवकन्येसमोर उभी राहिली.

"मोठी आई, तू खोटं बोललीस?"

"बोलले गं, बाळा."

"आणि जे खरं होतं ते बोललीच नाहीस?"

"न्हाई बोलले."

"मग आता बोलशील? काही धोक्याचं असलं की लगेच?"

"लगेच. कुणी रागावलं तरी. देवाशप्पथ!"

पुनमनं आईकडं बघितलं, जणू हुकूम मागत होती. आणि दीपाली, चार वर्षं दगड झालेली दीपाली, खाली बसली, शिवकन्येच्या मांडीवर तिनं डोकं टाकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. "अक्का, मी तुम्हाला काय काय बोलले... माहेरी, शेजारी, सगळीकडं... आणि मला सगळ्यांत जास्त आठवण तुमचीच येत होती हो!"

शिवकन्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. भगवानराव अजून उंबऱ्याबाहेरच होते. व्यंकटनं त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"अप्पा, चहा ठेवू का जेवताच?" व्यंकटनं विचारलं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"दोन्ही ठेव," भगवानराव नाक ओढत म्हणाले, आणि रडता रडता सगळेच हसले.

जेवणं झाल्यावर दीपाली शिवकन्येजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. "उन्हाळ्याच्या सुटीत घेऊन येईन पुनमला. पण एक सांगते, अक्का. आल्या आल्या पहिल्यांदा मी ते कपाट बघणार. कुलूप ओढून बघणार. तुम्हाला वाईट वाटलं तरी."

"वाईट?" शिवकन्या म्हणाली. "अगं, ये आणि मला विचार. रोज विचार. त्या घरात मला कुणी काही विचारावं म्हणून मी चार वरस वाट बघितलीय."